धाडले ते विकले

पाटोवरच्या ऑफिसात माझं काम एवढंच:
इंग्रजी बातमी आली की तिची मराठी करायची
आणि सहाच्या आत पेपरांना पाठवायची.
मिक्सर मी बघितलेला नव्हता.
त्याचे टक्के तेवढे बघितले होते.

सप्टेंबरात एकशे बारा टक्के वाढ.
अकाउंट्समधल्या सुलक्षा केरकरने
डबा उघडता उघडता सांगितलं,
गेल्या वर्षी चवथ ऑगस्टातच झाली,
सप्टेंबर गेला म्हाळात,
म्हाळात कोण नवं यंत्र घरात आणतो?
यंदा मध्ये अधिक महिना, चवथ सरकली
ती नेमकी आपल्या सप्टेंबरात येऊन बसली.
वाढ झाली असेल तर ती पंचांगात झाली रे.
आणि लोणच्याची एक फोड
माझ्या झाकणात ठेवली.

मी साहेबांना विचारलं, ऑगस्टचं काय?
ते म्हणाले, ऑगस्टचं कोणी विचारलंय?

‘गोव्यात पहिला क्रमांक’ ह्यावर एक तारा होती.
खाली बारीक अक्षरांत:
साडेसातशे वॅट, चार भांडी,
बार्देश आणि डिचोली, पहिले तीन आठवडे.
तारा मी मराठीत आणली.
तळटीप पेपरवाल्यांनी जागेअभावी काढली.

मग ते एक क्रियापद.
इंग्रजीत होतं शिप्ड.
मी लिहिलं: गोवा आणि कोकणात दहा हजार चारशे मिक्सर धाडले.
साहेबांनी धाडले खोडलं.
विकले लिहा, वाचकाला सोपं पडतं.
मी लिहिलं.
विकणं आणि विकत घेणं ह्यांच्यामध्ये
एक माणूस लागतो, पाकीट काढणारा,
बायकोला फोन करून रंग विचारणारा.
माझ्या वाक्यात तो नव्हता.
व्याकरण काही अडलं नाही.

म्हापशाच्या बाजारात इनासिन
बांगड्याचा वांटो लावते.
वर दोन जाडे, डोळे लाल,
खाली कालचे, पोटं फुटलेले.
पण इनासिनचा वांटो
बोटाने उलटून बघता येतो.
ती शिव्या घालते, तरी बघता येतो.

नोव्हेंबरात आतेभावाचं लग्न ठरलं.
आहेर घ्यायला सांखळीला गेलो,
रोहिदास मळीकच्या दुकानात.
आमचे खोके छतापर्यंत.
पंखा एका बाजूला बांधून ठेवलेला,
पाती खोक्याला लागतात म्हणून.
एका खोक्यावर पोरगा बसून गृहपाठ करत होता,
एकावर मांजर.
“पात्रांव, पाय दवरपाक सुवात ना,”
रोहिदास म्हणाला, आणि तरी
हात लांब करून वरचा एक ओढलाच.
“होच व्हर. सगळे होच व्हरतात.
पेपरार आयलां.”
काउंटरच्या काचेखाली
प्लास्टिकमध्ये घालून ठेवलेलं कात्रण.
माझंच वाक्य. माझाच स्वल्पविराम,
चुकीच्या जागी पडलेला.

“किती गेले?” मी विचारलं.
त्याने माझ्या हातातल्या खोक्याकडे बघितलं.
“तुजो धरून?
तीन.”

मी पैसे दिले. पावती घेतली.
बाहेर आल्यावर खोका स्कूटरच्या पायाशी उभा राहीना,
मग आडवा घातला.

डिसेंबरात वेर्ण्याच्या गोदामात
टेम्पोमागून टेम्पो लागले, उलट्या दिशेने.
त्या कागदावर शीर्षक होतं: मालाची अंतर्गत हालचाल.
त्याची मराठी करायला
मला कोणी सांगितलं नाही.

आत्याचा परवा फोन आला.
मिक्सर चालतो म्हणाली, आवाज मोठा आहे,
खोबरं बारीक होतं.
फक्त फिरत असेपर्यंत
झाकण हाताने दाबून धरावं लागतं.